ओलिसाच्या खांद्यावरचं भोक

"चहा नाही," म्हणत फुंदे उस्तादांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि उभ्या उभ्या स्वतःच रिकामा केला. "चहा पोटात गेला की हात बडबडायला लागतो. मॅच झाली की बादलीभर पी."

"मग तुम्ही कसा प्यालात?"

"माझा हात म्हातारा झालाय, लेका. त्याला आता बडबडीचा कंटाळा येतो."

मोमीन खो खो हसला. आम्ही तिघं चांदमारीच्या मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी खणून काढलेलं मैदान, तिन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, फेब्रुवारीतलं दहा वाजताचं ऊन. अकरा वर्षं झाली त्या दिवसाला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. राखीव पोलिसात शिपाई, नाव अंकुश लोंढे. राज्याच्या पिस्तूल संघात दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्यासाठी ही निवड मॅच. मैदानात एका जागी उभं राहून गोल चकतीवर नेम धरायचा, तसली ही मॅच नव्हे. इथे पळायचं, वाकायचं, खिडकीतून मारायचं, आणि टायमर प्रत्येक सेकंद मोजत असतो. चार टप्पे झाले होते. आम्ही तिघंच पुढे होतो, आणि तेही एकमेकांच्या इतके जवळ की सगळं पाचव्या टप्प्यावर येऊन ठेपलं होतं. तिघांतले दोघं जाणार, एक घरी.

मला जायचंच होतं. उगाच मोठेपणा कशाला, देशासाठी वगैरे काही नव्हतं डोक्यात. संघात गेलं की वर्षभर बंदोबस्ताच्या उन्हातून सुटका, अंगावर निळा ट्रॅकसूट, आणि पुढे बढतीला जोर. शिवाय आईनं गावात आधीच सांगून टाकलं होतं की आमचा अंकुश राज्यात निवडला गेला. ती बाई बारशाआधीच पेढे वाटणारी.

आणि उस्ताद? हवालदार गंगाधर फुंदे, वय चोपन्न, गाव पाथर्डीच्या पुढे. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत ते बसणार नव्हते, तेव्हा ही त्यांची शेवटची मॅच. दलात पिस्तूल शिकलेला असा एक माणूस दाखवा ज्याला त्यांनी शिकवलं नाही. मलाही त्यांनीच शिकवलं. भरती झालो तेव्हा आवाजाला घाबरून मी डोळे मिटायचो. त्यांनी तीन महिने मला एक गोळी दिली नाही. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर रुपया ठेवायचा आणि घोडा ओढायचा. रुपया पडला की मैदानाला एक चक्कर. त्या तीन महिन्यांत मी इतका पळालो की लोकांना वाटलं मी मॅरेथॉनची तयारी करतोय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते प्रत्येक तुकडीला ऐकावं लागे. "चोराला नाही लागली तर दुसरी मारता येती. ओलिसाला लागली तर ती माघारी घेता येत नाही. ज्याच्या हातनं ओलीस मेला त्यानं पिस्तूल जमा करावं आन् मेसमधी पोळ्या लाटाव्यात." आम्ही हसायचो. ते हसत नसत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाही ओलिसाला गोळी लागली नव्हती, कागदाच्यासुद्धा नाही.

"चला, समजून घ्या सगळे," पंचांनी हाक मारली. पंच होते निरीक्षक डबीर साहेब. स्वभावानं बरे, पण सकाळपासून उन्हात उभे राहून घामाघूम झालेले आणि जेवणाआधी सगळं आटपायच्या घाईत असलेले.

पाचवा टप्पा असा होता. खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात टेबलावर, पिस्तूल टेबलाच्या खणात. बीप झाली की खण उघडून पिस्तूल घ्यायचं, दाराच्या चौकटीशी जायचं, तिथून चोरांचे दोन पुठ्ठ्याचे पुतळे मारायचे. पुढे दहा पावलं पळत फळ्यांच्या भिंतीशी. तिथली खिडकी गुडघ्याच्याही खाली, तेव्हा जमिनीवर आडवं पडून तिच्यातून आणखी दोन. मग मॅगझिन बदलायचं आणि उठायचं. शेवटी वाळूचं पोतं, तो म्हणे आपला जखमी साथीदार. त्याला उजव्या हातानं ओढत रेषेपर्यंत आणायचं आणि पोतं न सोडता नुसत्या डाव्या हातानं शेवटचे दोन पुतळे मारायचे. पुतळे सहा, प्रत्येकाला दोन गोळ्या, एकूण बारा. गोळी चुकली तर वेळेत पाच सेकंद वाढणार, ओलिसाला लागली तर दहा.

आणि ओलीस होता तो शेवटच्याच पुतळ्यापुढे. चोराचं अर्धं डोकं तेवढं दिसत होतं, बाकी सगळा तो एका बाईच्या आड. आमच्या दलात एक हौशी चित्रकार शिपाई होता. सगळीकडे ओलीस म्हणजे नुसता पांढरा पुठ्ठा असतो, पण यानं त्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर बाई रंगवली होती, कुंकू, नथ, आणि काळ्या बुट्ट्यांची साडी. बुट्टे त्यानं असे भरभरून काढले होते की मोमीन म्हणाला, "हिच्याकडे बघत बसलो तर चोर पळून जाईल."

एक रिवाज इथेच सांगून ठेवतो. गोळ्या मारून झाल्या की पंच एकेक पुतळा बघत जातात, किती लागल्या ते कागदावर लिहितात. ज्यानं गोळ्या मारल्या त्यानंच पंचांच्या मागोमाग जाऊन आपली भोकं खाकी चिकटपट्टीनं बुजवायची, म्हणजे पुढच्याला पुतळा कोरा मिळतो. लहानपणी पाटी पुसून दुसऱ्याला देतात, तसंच हे.

मोमीन आधी गेला. त्याच्या सगळ्या लागल्या, पण मॅगझिन बदलताना हातातून सटकलं. छत्तीस सेकंद. तोंड पाडून येऊन बसला.

मग मी.

बीप ऐकली आणि पुढचं सगळं पायांनीच केलं. चौकट झाली, खिडकी झाली, चार पुतळे स्वच्छ. कोपर सोलून निघालं ते नंतर कळलं. पोतं ओढताना मागून उस्तादांचा आवाज आला, "श्वास, लोंढ्या, श्वास!" पाचवा पुतळा दोन्ही गोळ्यांत झाला. सहाव्याला पहिली बरोबर चोराच्या डोक्यात. दुसरीला डाव्या मनगटात किंचित झटका बसला. रुपया असता तर पडला असता. ते मला घोडा ओढतानाच कळलं.

"सव्वीस पूर्णांक दोन," डबीर साहेब म्हणाले, आणि मागे बसलेल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

आम्ही पुतळे बघत निघालो. ते लिहीत होते, मी मागून पट्ट्या चिकटवत होतो. सहाव्यापाशी त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "इथे एकच. दुसरी वरून गेली वाटतं, मातीत. एक चुकली. एकतीस पूर्णांक दोन." आणि ते कागदावर मान घालून माघारी वळले.

मी चोराच्या डोक्यातलं भोक बुजवायला वाकलो आणि मला ते दिसलं. बाईच्या डाव्या खांद्यावर, दोन बुट्ट्यांच्या मधे, तिसऱ्या बुट्ट्यासारखं. चार पावलांवरून सांगता आलं नसतं. मी हातभर अंतरावर होतो. कडेला पुठ्ठ्याचे तंतू बाहेर आले होते.

एकतीस पूर्णांक दोन म्हणजे मी संघात. त्यात दहा मिळवले की एक्केचाळीस, म्हणजे मोमीनच्या मागे, म्हणजे घरी.

साहेबांना हाक मारायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या उघड्या तोंडाला काही अर्थ नाही, कारण त्यातून आवाज आला नाही. मग दुसरा विचार आला, की निदान पट्टी तरी लावू. आणि तिथेच माझं डोकं नको तितकं चाललं. चोरावर खाकी पट्ट्या शंभर असतात, त्याकडे कुणी बघत नाही. पण ओलिसावर पट्टी दिसली की लांबून आंधळ्यालाही कळतं, इथे कुणाची तरी लागली. पांढऱ्या साडीवर खाकी ठिगळ घालणं म्हणजे मीच मारली असं दवंडी पिटणं. तेव्हा मी पट्टी लावली नाही. भोक उघडं ठेवलं आणि हात झटकत परत आलो.

पुढचा माणूस उस्ताद आहेत, हे मला ठाऊक होतं. पण त्या भोकाचा त्यांच्याशी काही संबंध येईल असं डोक्यात आलंच नाही. ते पहिले येणार, मी दुसरा, आम्ही दोघं मिळून जाणार, एवढंच चित्र मी बघत होतो. मला कुणाचं काही हिसकावायचं नव्हतं, फक्त माझं लपवायचं होतं. अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि ते खरंही आहे. पण त्यानं काहीच हलकं होत नाही.

उस्ताद खुर्चीत जाऊन बसले. गुडघे कटकन वाजले तसे म्हणाले, "ही माझी बीप."

मग खरी बीप झाली. चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, पण पळताना लग्नात ताटं घेऊन धावणाऱ्या मामासारखा, कुठे सांडणार नाही अशा बेतानं. घाई कुठेच नाही आणि एक पाऊलही वाया नाही. खिडकीशी ते पडले नाहीत, निजले. मॅगझिन बदलताना त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. पोतं ओढलं, डावा हात वर गेला. दोन. आणि मग शेवटच्या पुतळ्यावर दोन, इतक्या लागोपाठ की मला आवाज दीडच ऐकू आल्यासारखा वाटला.

"एकोणतीस पूर्णांक आठ!" डबीर साहेबांनाही राहवलं नाही. "काय फुंदे, या वयात!"

मी टाळ्या पिटल्या. मनापासून पिटल्या. मोमीनचं तोंड आणखी पडलं.

रिवाजाप्रमाणे उस्ताद पट्टीचं बंडल घेऊन पंचांच्या मागे गेले. त्यांचे गुडघे बघून मी म्हटलं, मी चिकटवतो, आणि मीही गेलो. पाच पुतळे स्वच्छ. सहाव्यावर डबीर साहेब थांबले.

"इथे एकच आहे. एक चुकली, फुंदे."

"न्हाई साहेब," उस्ताद शांतपणे म्हणाले. "डबल हाये ते. एकाच भोकातनं दोन्ही. कड बघा, जरा लांबट झालीय."

एका भोकातून दोन गोळ्या. होतं कधीकधी असं, आणि ज्याच्या हातून होतं त्याचं नाव वर्षभर निघतं. पण पंचांना ते सहज पटत नाही, कारण चुकलेला प्रत्येक जण तेच म्हणतो.

उस्ताद, बोलू नका, मी मनात म्हणत होतो. एक चुकली म्हणू द्या. तरी तुमचे चौतीस होतात, तरी तुम्ही मोमीनच्या पुढे. सोडा तो हट्ट.

"थांबा, नीट बघतो," डबीर साहेबांनी खिशातला चष्मा काढला. माझ्या वेळी तो खिशातच होता. त्यांनी चोराचं डोकं निरखलं, मग पुतळ्याच्या कडा, मग मागचा बांध, आणि मग ते बाईकडे वळले. खांद्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"डबल असेल तर मग हे भोक कुणाचं?"

उस्ताद पुढे झाले. वाकले. त्या बोटाजवळ डोळे नेऊन बघत राहिले.

"कुणाचं हे?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या वेळचं तर नाही ना राहिलं, लोंढे? सगळं नीट चिकटवलं होतंस?"

आता विचारलं होतं. थेट विचारलं होतं. हातात खाकी पट्टीचा तुकडा होता, तो अंगठ्याला चिकटून बसला होता.

"हो साहेब," मी म्हणालो.

साहेब आणखी काही विचारणार होते. वाटलं, विचारावं, दरडावून विचारावं, म्हणजे मी फुटेन. पण मधेच उस्ताद बोलले.

"लोंढ्यानं चिकटवलंय म्हणजे चिकटवलंय, साहेब. पोरगं माझ्या हाताखालचं हाये." मग ते पुन्हा त्या भोकाकडे वळले. त्यांनी करंगळीचं टोक त्यात घालून बघितलं. "मंग माझंच हाये."

"एक चुकली, आणि ओलिसाला एक. पंधरा सेकंद," डबीर साहेब लिहीत म्हणाले. "चव्वेचाळीस पूर्णांक आठ. वाईट वाटतं, फुंदे."

"लिवा साहेब. लागली ती लागली."

मोमीननं उडी मारून मला मिठी मारली. संघात तो आणि मी. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. उस्ताद एकटेच पुतळ्यापाशी उभे होते. त्यांनी माझ्या हातून राहिलेली पट्टी बाईच्या खांद्यावर लावली आणि ती अंगठ्यानं दोन-तीनदा दाबली.

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, "डाव्या हाताचं मनगट तुझं अजून ढिलं पडतंय. राज्याला जायच्या आधी बघाया पाहिजे."

"उस्ताद, ते भोक..."

"त्याचं आता बोलू नको." ते बाहेर बघत होते. "मला वाटलं होतं बरं का, दोन्ही एका जागी गेल्या. हातानं सांगितलं मला तसं. सव्वीस वर्षांत हात कधी खोटं बोलला नव्हता."

इथे मी बोलायला हवं होतं. गाडीत आवाज होता, बाजूला कुणी ऐकत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी डबीर साहेबांकडे जाऊन कागद बदलता आला असता. मी म्हणालो, "होतं उस्ताद कधीकधी." मनाचा मोठेपणा दाखवत होतो मी! त्यांना धीर देत होतो!

चार दिवसांनी त्यांनी पिस्तूल जमा केलं. सगळ्यांनी समजावलं, साहेबांनी बोलावून सांगितलं, एका मॅचनं काय होतं फुंदे. त्यांनी अर्ज दिला तो दिलाच. उस्तादकी नको, मेस द्या. निवृत्त होईपर्यंतची चार वर्षं त्यांनी मेस सांभाळली. सव्वीस वर्षं ज्या हातानं पोरांचे हात धरून घोडा ओढायला शिकवला, त्या हातानं ते आमटी वाढायचे. रांगेत माझा नंबर आला की म्हणायचे, "घे, लोंढ्या, रस्सा घे. खेळाडू माणूस तू." राज्याच्या मॅचआधी तीन आठवडे त्यांनी रोज पहाटे येऊन माझं मनगट घट्ट केलं. एकदा मी पिस्तूल त्यांच्यापुढे धरलं, म्हणालो, "दाखवा ना एकदा मारून." त्यांनी हात पाठीमागे घेतले. "नको. आता त्याचा भरवसा न्हाई."

मी पदक आणलं. बढती मिळाली. फुंदे उस्तादांच्या जागी पोरांना शिकवायला कुणाला नेमलं असेल, ते सांगायला नकोच. मी रिकाम्या नळीवर रुपया ठेवायला लावायचो. मात्र ओलिसाविषयीचं ते वाक्य माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

मागच्या महिन्यात मोमीन एका लग्नात भेटला. बोलता बोलता म्हणाला, "उस्तादांकडे जाऊन आलो. तब्येत झकास आहे. पण एक खूळ लागलंय त्यांना. दरसाल नगरला जाऊन डोळे तपासून घेतात. डॉक्टर म्हणतो, बाबा, डोळे ठणठणीत आहेत, कशाला येता? तर म्हणतात, डोळे चांगले असतील तर मग मला ती बाई दिसली कशी नाही?"

जेवणाच्या पंगतीत होतो आम्ही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी त्यांची नुसती संघातली जागा घेतली नव्हती. जागा किरकोळ होती.

रविवारी मी पाथर्डीची गाडी धरली.

उस्ताद अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. पासष्टीचे, केस पांढरे, पोट उतरलेलं. मला बघून उठले, पाठीवर थाप मारली, आत हाक दिली, "आगं, लोंढ्या आलाय! आपला राज्याचा खेळाडू!" काकू बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचं न्हाई. अन् ह्यांना जरा सांगा की. ज्वारी हुरड्यात आली, पाखरं रान खात्यात. गोफण घ्या म्हणलं तर म्हणत्यात, माझा नेम लागत न्हाई. आता गोफणीला कसला नेम?"

"तू जा, भाकरी टाक," उस्ताद ओशाळून म्हणाले.

काकू आत गेल्या. मी वाटेत काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हणालो, "उस्ताद, त्या बाईच्या खांद्यावरचं भोक माझं होतं."

त्यांच्या हातात शेंग होती. ती त्यांनी फोडली नाही.

"माझी दुसरी गोळी होती ती. साहेबांना दिसली नाही. मला दिसली होती. पट्टी लावली तर कळेल म्हणून लावली नाही. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मार खायच्या तयारीनं आलो होतो. शिव्या, थोबाडीत, काहीही. मला ते हवं होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि तेच मला बघवेना.

"म्हंजी... डबल होतं ते?"

"हो."

"दोन्ही एकाच भोकातनं?"

"हो, उस्ताद."

"डाव्या हातानं?" ते उठून उभेच राहिले. "आगं ए, भाईर ये! ऐकलं का? डबल होतं ते! मी म्हणत नव्हतो? डाव्या हातानं, पोतं ओढत, आन् दोन्ही एकात! हातानं सांगितलं होतं मला!"

काकू पिठाच्या हातांनी दारात आल्या. त्यांना काही उमगलं नाही, पण नवरा इतका हसतोय म्हणून त्याही हसल्या. उस्तादांनी डावा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. बोटं उघडली, मिटली. मग त्यांचं हसू कुठेतरी थांबलं.

"अकरा वर्सं," ते हाताला बघत म्हणाले, "अकरा वर्सं शिव्या दिल्या मी याला."

ते खाली बसले. शेंगांची पाटी बाजूला सरकवली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे बघू शकलो नाही. अंगणात कोंबड्या टरफलं उकरत होत्या. मी म्हणालो, "मला माफ करा, उस्ताद." ते शब्द बोलताना मलाच ऐकू आलं की ते किती पोकळ आहेत.

काकूंनी आतून हाक मारली, ताटं वाढलीत म्हणून. ओसरीवर दोन पाट मांडले होते, दोन ताटं, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, तांब्यात पाणी. मी हात धुवून उभा राहिलो. उस्ताद आले, त्यांनी वाकून स्वतःचं ताट उचललं आणि काकूंच्या हातात परत दिलं.

"का हो? भूक न्हाई?" काकूंनी विचारलं.

"त्याला वाढ पोटभर. लांबनं आलाय, उपाशी धाडू नको." मग ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "तू जेव. मी मागनं जेवतो."

आणि ते निघून गेले. पलीकडे रानाच्या कडेला त्यांची पाठ दिसत राहिली.

मी एकटाच पाटावर बसलो. काकू समोर बसल्या होत्या, ताटात काही संपलं की वाढत होत्या. पाहुण्यानं नको म्हणावं तरी कसं? "अजून अर्धी घ्या," त्या म्हणाल्या, आणि मी ताट पुढे केलं.